मूळ स्वरूपात, धक्क्यासह

पन्नाशी उलटलेल्या माणसाने घराबाहेर कशासाठी पडावं, याची यादी सरकारने अजून केलेली नाही. गाडीसाठी मात्र केली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ हा दर्जा मिळाला. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात राखलेलं हवं, चासीत, बॉडीत, इंजिनात मोठी ढवळाढवळ झालेली नको. वीस हजार रुपये भरले की दहा वर्षांची नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची नंबरपाटी. मग ही गाडी रस्त्यावर आणायची कधी? प्रदर्शनाला, तांत्रिक संशोधनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला. रोज वापरायची नाही, भाडं घ्यायचं नाही. म्हणजे पेट्रोल भरायला जायचं आणि ते पेट्रोल पुन्हा पेट्रोल भरायला जाण्यात संपवायचं.

सरकारी नियम वस्तुस्थितीला इतका धरून असल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. पुण्यातल्या आमच्या जुन्या गाड्यावाल्यांच्या क्लबात नियम येण्याच्या कितीतरी आधीपासून नेमकं हेच चालू होतं.

ज्या घरांत आजोबांची मोटार विकायची राहून गेली, अशा घरांचा हा क्लब. आजोबांना गिऱ्हाईक मिळालं नाही, वडिलांच्या वेळी भावांत वाद होता, आणि आता नातू माइक हातात घेऊन सांगतो की आमच्या घराण्याने हा वारसा जपला. मधली पंचवीस-तीस वर्षं हा वारसा ताडपत्रीखाली उभा होता, त्यात मांजरीच्या चार पिढ्या वाढल्या आणि सोसायटीने ‘सदर भंगार आठ दिवसांत हलवावे’ अशा नोटिसा लावल्या, हे तो सांगत नाही. त्या नोटिसा मात्र आता फ्रेम करून ठेवल्या आहेत.

क्लबात माणसांना नावं नसतात, गाड्या असतात. ऑस्टिनवाले काका, हेराल्डवाले डॉक्टर, मॉरिस मायनरवाल्या वहिनी. एका गृहस्थांनी मुलाच्या शिक्षणासाठी आपली हिलमन विकली. ते अजून येतात, चहा पितात, पण त्यांना हाक काय मारायची हे कोणालाच कळत नाही.

मुख्य उपक्रम रविवारचा ब्रेकफास्ट ड्राइव्ह. निघायची वेळ सकाळी साडेसहा. एवढ्या लवकर रस्ते मोकळे असतात असं कारण दिलं जातं. खरं कारण हे की गाडीला धक्का मारताना त्या वेळी शेजारी बघत नसतात. जायचं कुठे यावर व्हॉट्सॲपवर आठवडाभर काथ्याकूट होतो. क्लबातले ज्येष्ठ बोरघाटाच्या आठवणी काढतात. तेव्हा म्हणे गाड्या घाट चढता चढता उकळायच्या, मग शिंगरोबापाशी थांबून देवाला नाणं आणि रेडिएटरला पाणी वाहायचं आणि पुढे निघायचं. फियाटवाले उन्हाळ्यात पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपावर ओलं फडकं गुंडाळायचे, नाहीतर नळीत पेट्रोलची वाफ होऊन गाडी जागच्या जागी बसायची. आता घाट वगैरे कोणी काढत नाही. ठिकाण निवडण्याचे निकष ठरलेले आहेत: वाटेत चढ नको, मिसळ झणझणीत हवी, आणि पार्किंग असं हवं की गाडीचं तोंड उताराकडे करून ठेवता येईल.

ताफ्याच्या शेवटी एक नवीकोरी, वातानुकूलित एसयूव्ही असते. तिच्यात पाण्याचे कॅन, जॅक, टो करायचा दोर, घरची मंडळी आणि मेस्त्री. पहिल्या पाच किलोमीटरनंतर बहुतेक सभासदही तिच्यातच असतात. मागे एक उघड्या पाठीचा टेम्पोही सांगून ठेवलेला असतो. तो ठिकाणाच्या थोडा अलीकडे थांबतो, गाडी खाली उतरते, मालक स्टिअरिंगला बसतात आणि फोटोत ती शान से येताना दिसते.

इंग्रजांकडे १४ नोव्हेंबर १८९६ ला मोटारवाल्यांनी लंडन ते ब्रायटन अशी फेरी काढली होती. मोटारीपुढे माणसाने पायी चालायचं, हे जुनं बंधन नव्या कायद्याने गेलं आणि वेगमर्यादा ताशी चौदा मैलांपर्यंत वाढली, त्याचा तो आनंद. दर नोव्हेंबरात तिथे अजूनही ती फेरी निघते आणि १ जानेवारी १९०५ च्या आधीच्याच गाड्यांना प्रवेश मिळतो. आमच्या क्लबाला या फेरीचं फार कौतुक. फरक इतकाच की त्यांच्याकडे माणूस गाडीच्या पुढे चालायचा आणि आमच्याकडे मागे, दोन्ही हात डिकीवर ठेवून.

क्लबात सगळ्या गाड्या समान आहेत, असं घटनेत लिहिलं आहे. बसायच्या पंगती मात्र वेगळ्या. पहिली पंगत महायुद्धाआधीच्या गाड्यांची: पॅकार्ड, ब्यूक, रोल्स. त्यांचे मालक बोलत नाहीत, नुसती मान हलवतात. दुसरीत पन्नासच्या दशकातले ऑस्टिन, मॉरिस, डॉज. तिसरीत फियाट आणि अँबॅसेडर. यांना आत घ्यायचं की नाही यावर एके काळी दोन वर्षं वाद चालला होता, कारण ज्या गाडीचा मीटर खाली पाडून कोणीही बसू शकत होतं, तिला वारसा कसं म्हणायचं? तेव्हा ज्यांना ताटकळत ठेवलं, तेच फियाटवाले आज दारावर उभे राहून इतरांना अडवतात. पंगतीत एकदा जागा मिळाली की माणूस पहिल्यांदा मागे वळून कोण कोण उभं आहे ते बघतो.

त्यातही वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून जोडल्या गेलेल्या सुरुवातीच्या फियाटवाल्यांचा तोरा वेगळा. या गाडीला सगळी मुंबई डुक्कर फियाट म्हणायची. पुढची दारं उलट्या अंगाने उघडायची, म्हणजे चालत्या गाडीत कडी सुटली की वारा दार सताड उघडून द्यायचा. तिचे मालक तिला चुकूनही डुक्कर म्हणत नाहीत. त्यांच्या सौभाग्यवती म्हणतात, पण त्यांचा रोख नेहमी गाडीकडेच असतो असं नाही.

प्रत्येक गाडीला एक पूर्वेतिहास असावा लागतो. नुसतं ‘आमच्या आजोबांनी हप्त्यावर घेतली’ हे चालत नाही. गाडी संस्थानिकांची असावी, नटीची असावी, निदान तिच्यात पंडित नेहरू तरी बसलेले असावेत. आमच्या एकट्या क्लबातल्या गाड्यांत पंडितजी इतक्या वेळा बसले आहेत की भाक्रा-नांगलकडे बघायला त्यांना वेळ कधी मिळाला, असा प्रश्न पडतो. लालबहादूर शास्त्रींचं नाव मात्र कोणी घेत नाही. १९६४ सालची त्यांची फियाट दिल्लीच्या स्मारकात उभी आहे. किंमत बारा हजार, त्यातले पाच हजार पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज, आणि शास्त्रीजी गेल्यावर ते फेडलं ललिताबाईंनी. पूर्वेतिहास म्हणून हा जरा अडचणीचा. आपल्या गाडीतही असाच कर्जाने गाडी घेणारा कोणी बसला होता, असं सांगण्यात काय मजा?

खऱ्या इतिहासाची गाडी बघायची तर दसऱ्याला कोल्हापूरला जावं. राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक छत्रपतींना घेऊन दसरा चौकात येते, सोनं लुटलं जातं, गाडी परत जाते. तिला काही सिद्ध करायचं नसतं. आणि तिथून फार लांब नसलेल्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्ण्यांनी वर्षानुवर्षं खपून सामान्य माणसासाठी ‘मीरा’ नावाची छोटी गाडी बनवली होती. ती कारखान्यातून बाजारात कधी आली नाही. क्लबाच्या प्रश्नमंजूषेत मी हा प्रश्न टाकून पाहिला. बुगाटीचा घोड्याच्या नालासारखा रेडिएटर पाठ असलेल्या मंडळींना मीरा म्हटल्यावर फक्त भजन आठवलं.

वर्षातून एकदा सौंदर्यस्पर्धा होते. गाड्यांची. परीक्षक पांढरे हातमोजे घालून येतात आणि टॉर्च घेऊन गाडीखाली झोपतात. मूळपणाला सर्वांत जास्त गुण. गेल्या खेपेची विजेती १९३८ सालची होती. तिची बॉडी नाशिकला ठोकलेली, सीटं रास्ता पेठेत शिवलेली, क्रोम भोसरीत चढवलेलं, दिवे बुधवारच्या जुन्या बाजारातून आणलेले, इंजिन तिच्याच एका मयत बहिणीचं. मूळ काय होतं, तर आरसी बुक. तेही डुप्लिकेट. दुसऱ्या क्रमांकावर गेलेल्या ऑस्टिनचे दोन गुण कापले गेले, कारण एका स्क्रूची खाच आडवी हवी होती आणि ती उभी होती. काकांनी तिथेच खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, पण वेळ संपली होती.

याच दिवशी वेशभूषेचंही बक्षीस असतं. सभासदांच्या पत्नी नऊवारी नेसून, गॉगल लावून, टोपल्या घेऊन गाडीला टेकून उभ्या राहतात. मॉरिस मायनरवाल्या वहिनी या क्लबात स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्या, स्वतः उघडणाऱ्या एकट्याच. फीलर गेज हाताशी नसेल तर व्हिजिटिंग कार्ड सरकवून पॉइंटची गॅप कशी लावायची, हे त्यांनी निम्म्या पुरुषांना शिकवलं आहे. त्यांना गेली काही वर्षं सलग उत्कृष्ट केशरचनेचं पारितोषिक मिळतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी यंदा वाण म्हणून गाडी पुसायची पिवळी फडकी लुटली. बायकांनी ती घरी नेऊन नवऱ्यांना दिली.

आता सामाजिक बांधिलकी. जिल्ह्यातल्या कुठल्याही नोंदणीकृत संस्थेप्रमाणे क्लबालाही ती आहे.

जानेवारीत रस्ता सुरक्षेची फेरी निघाली. ‘सीटबेल्ट लावा’ हा फलक ज्या गाडीवर होता, तिला सीटबेल्ट नव्हता. ती बनली तेव्हा तो कोणाला सुचलाच नव्हता. ‘विनाकारण हॉर्न वाजवू नका’ लिहिलेल्या गाडीला ब्रेक बेताचा असल्यामुळे हॉर्न हेच सुरक्षेचं साधन होतं आणि ते सकारण वाजत होतं. वळताना सर्वांनी खिडकीतून हात बाहेर काढून इशारे केले. मागच्या स्कूटरवाल्यांना वाटलं, ओळखीचे आहेत. त्यांनीही हात केले. पावसाळ्यात वृक्षारोपण झालं. रोपं डिकीतून नेली होती. खड्ड्यांपर्यंत पोहोचेतो त्यांनी इतका धूर प्यायला होता की लावण्याआधीच त्यांना सावलीत ठेवावं लागलं.

क्लबात एक साखर कारखान्याचे संचालक आहेत. त्यांची डॉज किंग्सवे, तीही कुर्ल्यातच जोडलेली. इथेनॉलमुळे शेतकऱ्याचं कसं भलं होणार यावर ते सोमवार ते शनिवार भाषणं करतात. रविवारी त्यांची डॉज अर्ध्या वाटेत खोकायला लागते. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, वॉशर, पंपाचा पडदा त्याच्यापुढे टिकत नाहीत. फुगतात, चिरतात, शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पत्र्याची टाकी आतून गंजते. स्वतःच्या उसाने स्वतःचीच गाडी अडवावी असा प्रसंग संचालकावर क्वचितच येतो, एरवी उसापायी अडतो तो शेतकरी. मेस्त्रींनी दोनदा नळी बदलली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, ‘साहेब, तुमचा कारखाना तरी बंद करा नाहीतर गाडी तरी.’ संचालकांनी विचार करायला वेळ मागून घेतला.

मग जिल्हा परिषदेच्या शाळेला भेट. मुलांनी मोटारींचा वारसा पाहावा असा हेतू. मुलांनी पाहिला. एकाने विचारलं, ॲव्हरेज किती देते? कोणी उत्तर दिलं नाही. एकीने विचारलं, ही चालत आली का टेम्पोतून? सचिवांनी मुलांना बिस्किटांचे पुडे वाटायला घेतले. निघताना मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, एवढे मोटारीतले जाणकार आलेच आहात, तर शाळेची पाण्याची मोटर जरा बघता का, पंधरा दिवस बंद आहे. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग सगळ्यांनी मेस्त्रींकडे. ते उठले, अर्ध्या तासात पाणी चढवलं. वार्षिक अहवालात ‘क्लबतर्फे शाळेस जलसेवा’ असा उल्लेख सापडेल.

ऑक्टोबर २०२३ संपता संपता मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा, ती शेवटच्या गाडीचीही भरली. क्लबाने शोकसभा घेतली. मेणबत्त्या लावल्या. एका सभासदाने गहिवरून सांगितलं की या १०८९ सीसीच्या इंजिनाने मुंबईला पन्नासेक वर्षं खांद्यावर वाहिलं. ते अगदी खरं आहे. वाहिलं ते टॅक्सीवाल्यांनीही, आणि त्यांच्यापैकी कोणी त्या सभेत नव्हतं, हा मुद्दा मी मांडला तर अध्यक्ष म्हणाले की व्यावसायिक वाहनांचे चालक आपल्या घटनेत बसत नाहीत. एका उत्साही सभासदाने भंगारात निघालेल्या टॅक्सीचा मीटर आणि टपावरचं कॅरिअर विकत आणून दिवाणखान्यात लावलं. त्या मीटरवर तो घरी येणाऱ्या पाहुण्यांना हसत हसत किती झाले ते सांगतो. मला हा विनोद तितकासा आवडत नाही, पण त्याच्याकडे कॉफी चांगली मिळते. गंमत अशी की वीस वर्षांची टॅक्सी भंगार आणि पन्नास वर्षांची तीच गाडी वारसा. मधली तीस वर्षं ज्याला उभी करून ठेवणं परवडतं, त्याच्याकडे इतिहास जमा होतो. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर तर आता इमारती आहेत आणि त्यांच्या पार्किंगमध्ये जुन्या गाड्या उभ्या करायला सोसायटीची मनाई असणार, हे मी न बघताही सांगू शकतो.

परवा वार्षिक सभा झाली. विषयपत्रिकेवर दोन नवे अर्ज होते.

पहिला मारुती ८०० चा. सुरुवातीच्या गाड्यांपैकी, एकहाती वापरलेली. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या ग्राहकाच्या हाती चावी दिली, तेव्हापासून देशातल्या मध्यमवर्गाचं सगळं आयुष्य या गाडीत बसून गेलं, असं अर्जदाराने कळकळीने लिहिलं होतं. सभागृह पेटलं. फियाटवाले सर्वांत जास्त. पन्नास वर्षं भरायला २०३३ उजाडेल हा तांत्रिक आक्षेप झाला, पण क्लबाच्या घटनेत वयाची अट शिथिल करायची सोय होती, त्यामुळे तो टिकेना. तेव्हा अध्यक्षांनी निर्णायक मुद्दा काढला. ‘अहो, ती चावी फिरवली की चालू होते,’ ते म्हणाले. ‘लगेच. थंडीतसुद्धा. हिला क्लासिक कसं म्हणायचं?’ टाळ्या पडल्या. अर्ज नामंजूर.

दुसरा अर्ज मेस्त्रींचा होता.

हा कोणालाच अपेक्षित नव्हता. गेली कित्येक वर्षं मेस्त्री प्रत्येक ड्राइव्हला आले, प्रत्येक गाडीखाली झोपले, प्रत्येक मिसळीच्या वेळी बाहेर बोनेटपाशी उभे राहिले. त्यांच्याकडे वडिलांची बजाज चेतक आहे, १९७३ ची. आकुर्डीच्या कारखान्यात १९७२ पासून चेतक बनू लागली, म्हणजे ही अगदी पहिल्या पिकातली, नंबर लावून मिळवलेली. इंजिन तेच, पत्रा तोच, आरसी बुकही तेच आणि मुख्य म्हणजे डुप्लिकेट नाही. रोज सकाळी जरा तिरकी करायची, सरळ करायची, एक किक. पन्नास वर्षं झाली, दुचाकी नियमात बसते, मूळ स्वरूपाबद्दल तर बोलायलाच नको. हेराल्डवाल्या डॉक्टरांनी अनुमोदन द्यायला हात वरही केला होता.

सचिवांनी चष्मा लावून सरकारी नियम पुन्हा वाचला. मग मवाळपणे म्हणाले, ‘मेस्त्री, सगळं ठीक आहे हो. पण तुम्ही ती वापरता.’

‘म्हणजे?’

‘रोज वापरता. कामावर जाता, भाजी आणता. नियमात बसत नाही. तुम्ही असं करा, ती उभी करून ठेवा. चार-पाच वर्षं ताडपत्री घाला. मग आपण सन्मानाने घेऊ.’

मेस्त्रींनी विचारलं, मग तुमच्या गाड्या दुरुस्त करायला मी येऊ कशावरून? हा प्रश्न रास्त असल्याची नोंद इतिवृत्तात घेण्यात आली आणि अर्ज पुढील सभेपर्यंत तहकूब झाला. वहिनी तेवढ्या ‘विरोध नोंदवा’ म्हणाल्या. सचिवांनी त्यांना शिरा वाढायला सांगितलं. त्यांनी वाढला नाही.

पुढच्या रविवारी ताफा निघायच्या वेळी अध्यक्षांची पॅकार्ड चालू होईना. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरत आली. धक्का मारून झाला. संचालकांनी बोनेट उघडून आत बघितलं आणि आत बघून झाल्यावर ते मिटलं. एसयूव्हीत पाणी होतं, दोर होता, मेस्त्री नव्हते. तिसऱ्या वेळी त्यांनी फोन उचलला. मागे जोराचा वारा आणि बायकामुलांचे आवाज. दिवे घाटाच्या माथ्यावर उसाचा रस प्यायला थांबलो आहे, म्हणाले. सहकुटुंब जेजुरीला निघालेत. चेतकवर.

‘चोक बंद करा,’ मेस्त्री ओरडून सांगत होते, ‘ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. पेट्रोल जास्त झालंय.’ आणि फोन ठेवताना म्हणाले, यापुढे रविवारी जमायचं नाही साहेब, गाडीला जरा फिरवून आणायला लागतं.